लटकलेलं फडकं

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि हे त्याला माहीत नाही असं सगळे धरून चालत. माणूस बुटका, पण आवाज असा की पत्र्याच्या छपराखाली चौदा मशीनं एकदम धडधडत असताना हा या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या माणसाची खरडपट्टी काढायचा आणि त्या माणसाला ती शब्दन् शब्द पोचायची. कारखाना डब्यांचा होता. भोंगा ज्या खात्याचा फोरमन होता तिथे डब्यांची झाकणं निघत. पत्रा आत सरकवायचा, वरून मशीन आदळायचं, खालच्या पोलादी साच्यात झाकण तयार. या साच्याला सगळे डाय म्हणत. दिवसाला काही हजार झाकणं आणि प्रत्येक झाकणाचा एक दणका. बाहेरचा माणूस या खात्यात आला की आधी कानांवर हात ठेवायचा आणि मग कशासाठी आलो होतो तेच विसरायचा.

भोंग्याचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक म्हणजे त्याच्यापुढे कोणी ब्र काढत नसे. दुसरी म्हणजे त्याचे कान. तरुणपणी चौदा मशीनांच्या गोंगाटातून कोणत्या डायला तडा जायला लागलाय, हे त्याला चहा पिता पिता कळायचं. कप खाली ठेवून तो थेट त्या मशीनपाशी जायचा आणि ते बंद करायला लावायचा. डाय उघडून बघावी तर तिच्यात केसाएवढी चीर. ती वेळेत काढली नाही तर डाय फुटते, आणि फुटली की तुकडा कोणाच्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. भोंग्याच्या एकवीस वर्षांत खात्यात एकही डाय फुटली नव्हती. हे तो कोणी विचारलं तर सांगायचा आणि कोणी विचारलं नाही तर आवर्जून सांगायचा.

यातली गंमत अशी की गेली सहा वर्षं भोंग्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, आणि त्याला कारण होतं. त्याच्या आधीच्या फोरमनची नजर अधू झाली, तेव्हा कंपनीने त्याला मोठ्या प्रेमाने उचलून स्टोअरमध्ये बसवलं. तीन भिंती, एक खिडकी, कपाटभर नटबोल्ट. चाळीस माणसांना धाकात ठेवलेला तो माणूस उरलेली वर्षं खिडकीतून हातमोजे देत बसला आणि सहा महिन्यांत म्हातारा दिसायला लागला. भोंग्याच्या निवृत्तीला चार वर्षं होती. ती त्याला मशीनांमध्ये काढायची होती. त्याला दुसरी कुठली हौसच नव्हती.

दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोक्यात बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर कंपनीची नर्स यंत्राची कळ फिरवायची आणि कळ फिरवताना तिचं कोपर हलायचं. भोंगा कोपर हललं की बटण दाबायचा. सहा वर्षं तो पहिल्या नंबराने पास होत होता. एकदा नर्सला डास चावला तेव्हा त्याने दोन बटणं जास्तीची दाबली, तेवढंच.

घरी बायकोला कळलं होतं. पण टीव्ही एवढा मोठा लावल्यावर तिला मालिका स्वयंपाकघरातूनही ऐकू येत होत्या, त्यामुळे तिची फारशी तक्रार नव्हती. मुलगी मात्र आली की पिच्छा पुरवायची. "बाबा, कानाचं मशीन घ्या ना, हल्ली कोणाला दिसतसुद्धा नाही." भोंगा म्हणायचा, "मी दिवसभर चौदा मशीनं सांभाळतो, पंधरावं कानात कशाला?" आणि स्वतःच मोठ्याने हसायचा, म्हणजे पुढचं ऐकायला नको.

कामावर तर निभावून जायचंच. त्या खात्यात ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. सगळे कानांत बोळे घालून समोरच्याचे ओठ वाचत. भोंगाही वाचायचा. बोलणाऱ्याच्या समोर जाऊन उभं राहायचं, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, त्याचं पुरं होईपर्यंत गप्प बसायचं आणि मग खात्री करायला तेच आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. राहिल्या डाय. त्यावर त्याच्याकडे दोन उपाय होते. पहिला म्हणजे तळहात. मशीनच्या अंगावर हात ठेवला की आतली थरथर त्याला कळायची. दुसरा उपाय म्हणजे त्याने स्वतः शोधून काढलेला नियम.

नियम असा: ज्याचं हात पुसायचं फडकं मशीनच्या दांड्यावर लटकतंय, त्याची डाय बिघडलेली असते. फडकं खिशात असावं. ते जो कुठेही टाकतो तो मुळात निष्काळजी, आणि निष्काळजी माणसाच्या हाताखाली डाय टिकत नाही, असा त्याचा हिशेब. गेल्या सहा वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. लांबून लटकलेलं फडकं दिसलं की भोंगा तिथे जाऊन आधी त्या माणसाला फैलावर घ्यायचा, मग मशीनवर हात ठेवायचा आणि मान डोलावून म्हणायचा, "बंद करा. वाटलंच मला." माणूस बिचारा खाली मान घालून उभा राहायचा. आपण न ऐकताही किती ओळखतो याचं भोंग्याला कौतुक वाटायचं, आणि ते कोणाला सांगता येत नाही याचं वाईट वाटायचं.

अशात कारखान्याला नवे साहेब आले. वयाने लहान, कपडे फार स्वच्छ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की इथे माणसांना धाकाने वागवलं जातं आणि यापुढे मायेने वागवलं जाईल. त्याची तारीखही लागली. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं आली, जेवणघराच्या दाराशी 'मन मोकळं करा' असं लिहिलेली पेटी आली, आणि बाहेरून एक प्रशिक्षक बाई आल्या. सगळ्या फोरमन लोकांना तीन दिवस गार खोलीत बसवून त्या सहृदयता शिकवणार होत्या. प्रत्येकाला खिशात ठेवायला एक कार्ड मिळालं. त्यावर पाच वाक्यं होती. पहिलं 'तुम्हाला कसं वाटतंय?' आणि शेवटचं 'मला तुमच्या भावना समजल्या.'

भोंग्याने हिशेब केला. तीन दिवस माणसांचं नुसतं ऐकायचं, आणि तेही मशीन चालू नसताना, म्हणजे आपलं पितळ उघडं पडणार. पण झालं भलतंच. बाईंनी जोड्या लावल्या. एकाने आपलं दुःख सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पॅकिंगचा फोरमन ऐकता ऐकता घड्याळ बघत होता. रंगखात्याचा फोरमन समोरच्याच्या दुःखावर आपलं दुःख सांगायला लागला. भोंगा मात्र खुर्ची ओढून समोर बसला, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर ढळू दिली नाही, मध्ये एक शब्द बोलला नाही आणि शेवटी काहीही न गाळता सगळं आपल्या शब्दांत म्हणून दाखवलं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शिकवतेय, पण असा ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. हे तुम्ही कुठे शिकलात?"

"खात्यातच," भोंगा म्हणाला. हे खरं होतं.

पंधरा दिवसांत फाटकापाशी त्याचा हातभर मोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं: 'ऐकणारा माणूस.' भोंगा रोज आत येताना त्याच्याकडे न बघितल्यासारखं करायचा. खात्यातले लोक मात्र फोटोपुढे क्षणभर थांबायचे, एकमेकांकडे बघायचे आणि पुढे जायचे. भोंग्याला वाटलं, जळतात मेले.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "तुमच्यासारख्या माणसाकडूनच सुधारणा यायला हवी," ते म्हणाले. "एक बदल सुचवा. काहीही. उद्या अमलात आणतो."

एवढा मान त्याला उभ्या आयुष्यात कोणी दिला नव्हता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. "साहेब, मशीनवर फडकी लटकतात ती बंद करा. सगळा घोळ तिथून सुरू होतो."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक लागलं. त्याला नावही होतं, 'मोकळं मशीन, मोकळं मन.' फडकी दाराजवळच्या लाल डब्यात राहतील, लागेल तेव्हा तिथून घ्यायची आणि तिथेच परत टाकायची. मशीनवर किंवा खिशात फडकं दिसलं तर समज देण्यात येईल, आणि ती मायेने देण्यात येईल.

त्याच दुपारी खात्यातले चौघे भोंग्याच्या टेबलापाशी आले. पुढे मावशी होती. ही सहा नंबरच्या मशीनवर होती, भोंग्याच्याच वयाची, पण खात्यातल्या सगळ्यांची मावशी. तिच्या मागे सात नंबरचा पहिलवान. हा इतका किडकिडीत होता की त्याला दुसरं नाव देणं कोणाला सुचलंच नसतं. भोंग्याने कार्डात सांगितल्याप्रमाणे चौघांना बसायला दिलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि ओठांकडे लक्ष दिलं.

"भाऊ," मावशी म्हणाली, "ते फडक्यांचं तेवढं राहू द्या. मशीनवर असलं की बरं पडतं."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की हात पुसायला फडकं जवळ असलं की बरं पडतं."

"अगदी तसंच नाही."

"मग कसं?"

मावशीने पहिलवानाकडे बघितलं. पहिलवानाने जमिनीकडे बघितलं. बाकीचे दोघे भिंतीवरचे हसरे चेहरे बघत राहिले. "तसंच समजा," मावशी म्हणाली.

"मला तुमच्या भावना समजल्या," भोंगा म्हणाला आणि त्यांना कामाला पाठवलं. आपण किती सुधारलो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. महिन्यापूर्वी त्याने चौघांना टेबलापर्यंत येऊच दिलं नसतं.

नवव्या दिवशी सकाळी तो दाराजवळ उभा राहून लाल डब्यातली फडकी नीट घडी करून ठेवत होता. सात नंबर त्याच्या मागे, चार हातांवर. समोरच्या रांगेतला तीन नंबरचा माणूस हात हलवताना दिसला. मग चार नंबरचा. दोघांची तोंडं उघडी होती. भोंग्याला वाटलं, नव्या वातावरणाने लोक मोकळे झाले. त्यानेही हात हलवला. आणि मग पायाखालची जमीन हादरली. तो वळला तेव्हा सात नंबरची डाय फुटलेली होती आणि पहिलवान जमिनीवर बसला होता. त्याची डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उसवली होती आणि तिच्यातून रक्त येत होतं. तुकडा दंडाला चाटून मागच्या झाकणांच्या थप्पीत घुसला होता. वीतभर इकडे आला असता तर गळ्यात गेला असता.

पहिलवानाला टाके घालायला नेलं. सगळी मशीनं बंद झाली. भोंगा हात धुवायच्या नळापाशी जाऊन नुसताच उभा राहिला. एकवीस वर्षांत पहिली डाय. मावशी शेजारी येऊन पहिलवानाचं रक्त हातावरून धुवायला लागली. मग तिने नळ बंद केला आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"सकाळपासून कण्हत होती ती डाय," ती म्हणाली. "पोराने तीनदा हात दांड्यावर नेला. फडकं होतं कुठे लटकवायला?"

"फडक्याचा काय संबंध?"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. माणसाला एखादी गोष्ट सांगावी की त्याला तसंच राहू द्यावं, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "भाऊ, डाय बिघडली की आम्ही फडकं लटकवायचो. तुम्हाला दिसावं म्हणून. तुम्ही बसवलेली डाय बिघडली असं तुमच्या तोंडावर सांगायची कोणाची टाप होती? आणि तुम्हाला न विचारता मशीन बंद करायची सोय नव्हती. आधी तुम्ही कानाने ओळखायचात. ते थांबलं, तेव्हापासून फडकं. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतो आम्ही. मशीन नंतर."

भोंग्याला हे सगळं तिच्या ओठांवरून वाचावं लागलं. त्यामुळे मध्येच मान फिरवायची सोय नव्हती. सहा वर्षं त्याने ज्यांना निष्काळजी म्हणून झोडपलं होतं, ते एकेक चेहरे त्याला आठवले. खाली मान घालून शिव्या खाणारे. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? टेबलापाशी आला होतात तेव्हा?"

"काय सांगणार? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून? फाटकावर फोटो लागलाय तुमचा."

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. टेबलावर पाण्याचे ग्लास होते, कारण चौकशीही मायेने करायची होती. साहेबांनी एकेकाला विचारलं, डाय फुटण्याआधी आवाज बदलला होता का? मावशी म्हणाली, काही ऐकू आलं नाही बाई. तीन नंबरचा म्हणाला, मला काहीच ऐकू आलं नाही. चार नंबरचा म्हणाला, गोंगाट केवढा असतो साहेब. तेराही जण तेच म्हणाले. दंडाला पट्टी बांधून आलेला पहिलवान तर म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं.

भोंगा एकेकाचे ओठ वाचत होता. तेरा तिखट कानांची माणसं एका बहिऱ्यासाठी बहिरी झाली होती, आणि चौदावा सगळं अंगावर घेत होता. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागदावर लिहायला घेतलं. भोंग्याला अक्षरं उलटी वाचता येत होती. कामगाराचा निष्काळजीपणा, असं ते लिहीत होते.

हा शब्द त्याचा होता. सहा वर्षं त्यानेच तो वापरला होता.

"साहेब, ते खोडा," तो म्हणाला. केबिन लहान होती आणि आवाज नेहमीचा, त्यामुळे ग्लासातलं पाणी हललं. "सगळ्यांना ऐकू आलं होतं. मला आलं नाही. मला सहा वर्षं ऐकू येत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी खिशातून कार्ड काढलं, त्याच्याकडे एकदा नजर टाकली आणि विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"स्टोअरमध्ये पाठवल्यासारखं," भोंगा म्हणाला.

आणि तसंच झालं. 'तुमच्याच भल्यासाठी,' असं साहेबांनी तीनदा सांगितलं. परिपत्रक काही मागे घेतलं नाही, कारण त्याचं वरून कौतुक होऊन चुकलं होतं. फोटोही तसाच राहिला. तो काढला तर भिंतीला चार भोकं दिसली असती. जाण्याआधी भोंग्याने खात्यात एकच गोष्ट केली. मशीनं बंद करून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "शंका आली की मशीन बंद करायचं. कोणाला विचारायचं नाही. कोणी ओरडलं तर माझ्याकडे पाठवा, त्याच्याहून मोठ्याने ओरडेन मी." कारखान्यात मायेच्या नावाने जे काही झालं, त्यात एवढंच काय ते टिकलं, आणि ते कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

स्टोअर जसं होतं तसंच होतं. तीन भिंती, खिडकी, नटबोल्ट. मुलीने एका रविवारी हाताला धरून नेलं आणि कानाचं मशीन बसवून आणलं. घरी आल्यावर त्याने बायकोला हाक मारली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. "मी एवढ्या मोठ्याने बोलायचो?" त्याने विचारलं. "छे," बायको म्हणाली, "आज जरा हळू बोललात." मग तिने जाऊन टीव्हीचा आवाज कमी केला.

सोमवारी तो मशीन लावून स्टोअरमध्ये बसला. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर कोणीतरी शिंकलं तेही ऐकू आलं. त्याला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचा रागही येत होता. दहाच्या सुमारास खिडकीशी मावशी आली. समोर उभी राहून बोलायला लागली. ओठ हलत होते, पण आवाज नाही. भोंग्याने कानातलं मशीन दाबलं. बाहेर काढून फुंकर मारली, परत लावलं. पंखा कुरकुरत होता. मावशी बोलत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

"बिघडलं वाटतं," तो म्हणाला. "तुमचं काही ऐकू येत नाहीये, मावशी."

मावशी आधी बुचकळ्यात पडली, मग तोंडाला पदर लावून हसली. तिचं हसू त्याला ऐकू आलं. "त्याला कशाला नावं ठेवता," ती म्हणाली, आणि हेही ऐकू आलं. "मी आवाज काढलाच नाही. तुमच्याशी बोलताना आवाज कोण काढतंय? सहा वर्षं आम्ही नुसतेच ओठ हलवतोय, भाऊ. सवयीने इथेही तसंच झालं."

भोंग्याने कानातलं मशीन काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि परत कानात घातलं.

"बरं, काय म्हणाले मी मघाशी?" मावशीने विचारलं.

"सहा नंबरची डाय कण्हतेय. बंद करून आलेय. हात लावून बघता का."

"मग? आलं की ऐकू."

त्याने कपाटातलं घडी केलेलं एक फडकं तिच्या हातात दिलं, खिडकी लावली आणि स्टोअरकीपरला जिथे जायची परवानगी नाही त्या खात्याकडे तिच्यामागून चालायला लागला.